मामेबहीण नात्यातली धरायची का?

मी एम.ए. मानसशास्त्राच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवते, आणि ज्यांनी फॉरेन्सिकचा पेपर घेतलाय त्यांच्यासाठी दरवर्षी एक प्रॅक्टिकल ठेवते. एक काल्पनिक केस फाइल द्यायची, त्यात लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या एका माणसाचं वय, आधीचे गुन्हे, पीडित कोण, किती वेळा शिक्षा झाली वगैरे, आणि सोबत स्टॅटिक-९९आर नावाचा एक फॉर्म. दहा प्रश्न, प्रत्येकाला मार्क, बेरीज करायची, झाला रिस्क स्कोअर. हा माणूस सुटल्यावर पुन्हा असाच गुन्हा करेल का, याचा अंदाज घ्यायला जगात बहुतेक सगळ्यात जास्त वापरला जाणारा हाच फॉर्म आहे.

यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, फाइलमधली मुलगी त्याची मामेबहीण आहे. ती नात्यातली धरायची की नात्याबाहेरची?"

मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण त्या फॉर्मच्या नियमाचा गाभा असा आहे की ज्या नात्यात एरवी लग्न चालत नाही ते जवळचं नातं, आणि पीडित नात्याबाहेरची असेल तर एक मार्क वाढतो. आता आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न कित्येक घरांत आजही चालतं, चालतं काय, लहानपणापासून चिडवतात त्यावरून. वर्गातल्या चार जणांनी एक मार्क दिला, बाकीच्यांनी शून्य. पहिल्यांचा स्कोअर सहा आला, दुसऱ्यांचा पाच. आणि या फॉर्ममध्ये पाच म्हणजे 'सरासरीपेक्षा जास्त' आणि सहा म्हणजे 'सरासरीपेक्षा खूपच जास्त', सगळ्यात वरचा गट. माणूस तोच, फाइल तीच, आणि एका मामेबहिणीवरून तो वरच्या गटात गेला.

त्या दिवसापासून हे डोक्यात घोळतंय म्हणून लिहितेय. कारण असे फॉर्म आज ना उद्या आपल्याकडे येणार, आणि आले की दोन टोकाची माणसं बोलायला लागणार, एक म्हणणार कॉम्प्युटरनेच सांगितलंय हा धोकादायक आहे म्हणून, आणि दुसरे म्हणणार हे सगळं थोतांड आहे. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा आकडा रांग लावायला चांगला आहे, कुणाकडे आधी लक्ष द्यायचं आणि कुणाकडे नंतर हे ठरवायला. पण एका माणसाचं उरलेलं आयुष्य ठरवायला तो बनलेलाच नाही, आणि जिथे जिथे तो तसा वापरला गेला तिथे चुका झाल्यात.

आधी हे चालतं कसं ते बघू. यात आहे ते विम्याचं गणित. एलआयसीचा एजंट घरी येतो तेव्हा वय विचारतो, तंबाखू सिगरेट विचारतो, बीपी शुगर विचारतो आणि हप्ता सांगतो. तुम्ही कधी जाणार हे त्याला माहीत नसतं आणि त्याला त्याची गरजही नसते, त्याला एवढंच माहीत असतं की तुमच्यासारख्या हजार जणांपैकी साधारण किती जण पुढच्या वीस वर्षांत जातात. हेच गणित कॅनडाचे कार्ल हॅन्सन आणि इंग्लंडचे डेव्हिड थॉर्नटन यांनी १९९९ मध्ये लैंगिक गुन्हेगारांसाठी मांडलं, म्हणून नावात ९९ (आर म्हणजे नंतरची सुधारित आवृत्ती). आधीच सुटलेल्या कैद्यांच्या जुन्या नोंदी काढल्या, तीन ठिकाणच्या कॅनडातल्या आणि चौथ्या इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगातल्या, आणि बघितलं की जे पुन्हा पकडले गेले त्यांच्यात आणि जे नाही गेले त्यांच्यात आधीपासून फरक काय होता. त्यातून दहा गोष्टी निघाल्या. सुटताना वय किती, कधी जोडीदारासोबत सलग दोन वर्षं राहिलाय का, आधीचे लैंगिक गुन्हे किती (यालाच सगळ्यात जास्त, तीनपर्यंत मार्क), इतर मारहाणीचे गुन्हे आहेत का, पीडितांमध्ये कुणी अनोळखी आहे का, कुणी मुलगा किंवा पुरुष आहे का, अशा.

यात काय नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. पश्चात्ताप नाही. गुन्हा कबूल केला की नाकारला, हे नाही. पीडितेबद्दल त्याला काही वाटतं का, हे नाही. पहिल्यांदा शिकवताना मलाही हे खटकलं होतं. पण १९९८ मध्ये हॅन्सन आणि मोनिक बुसिएर यांनी ६१ अभ्यास एकत्र केले, जवळपास २९ हजार गुन्हेगार, आणि त्यात दिसलं की गुन्हा नाकारणं किंवा पीडितेबद्दल सहानुभूती नसणं याचा पुन्हा तोच गुन्हा करण्याशी जवळजवळ काही संबंध लागत नाही. संबंध लागतो तो विकृत लैंगिक आवडींचा आणि एकूणच गुन्हेगारी वळणाचा. आता आपल्याकडच्या कोर्टाच्या बातम्या आठवा, "आरोपीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता". हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की तोच पुरावा वाटतो. चेहरा वाचून भविष्य सांगता येतं यावर आपल्या सगळ्यांचा विश्वास आहे, न्यायाधीशांचा, पोलिसांचा, माझ्या आईचा आणि खरं सांगायचं तर माझाही. आणि आकडे सांगतात की आपल्याला ते येत नाही.

ज्यांना हा फॉर्म थोतांड वाटतो त्यांना मी नेहमी विचारते की याच्या जागी काय ठेवणार? कारण रिकामी जागा राहत नाही, कुणीतरी अंदाज करतोच, मग तो डॉक्टर असो, जेलर असो की जज. अमेरिकेत पॉल मील नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं की साधा हिशोबी फॉर्म बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या अनुभवी अंदाजाच्या बरोबरीचा किंवा त्याहून सरस ठरतो. तज्ज्ञ मंडळींना ते आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण १९८३ ची बेअरफूट नावाची केस बघा. टेक्सासमध्ये खुनाचा खटला, फाशी द्यायची की नाही यासाठी हा माणूस पुढेही धोकादायक राहील का हा प्रश्न, आणि सरकारतर्फे जेम्स ग्रिगसन नावाचा मनोविकारतज्ज्ञ साक्षीला. त्याने आरोपीला एकदाही तपासलं नव्हतं. वकिलाने "समजा असा असा माणूस आहे" असं वर्णन केलं आणि त्यावर याने शपथेवर सांगितलं की तो पुन्हा हिंसा करणार याची शक्यता शंभर टक्के. खुद्द अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने सुप्रीम कोर्टाला लिहून दिलं होतं की अशा लांबच्या भाकितांत आम्ही मनोविकारतज्ज्ञ तीनपैकी दोन वेळा चुकतो, असली साक्ष घेऊ नका. कोर्टाने तरी घेतली. पुढच्या वर्षी आरोपीचा मृत्युदंड अमलात आला. ग्रिगसनला त्याच असोसिएशनने १९९५ मध्ये काढून टाकलं, तोवर त्याने अशा कितीतरी खटल्यांत साक्ष दिली होती.

तर दहा प्रश्नांचा फॉर्म यापेक्षा बरा आहे यात मला शंका नाही. लैंगिक गुन्हेगारांबाबत २००९ मध्ये शंभरहून जास्त अभ्यास एकत्र करून हॅन्सन आणि मॉर्टन-बुर्गों यांनी हेच दाखवलं, हिशोबी फॉर्म तज्ज्ञाच्या मोकळ्या अंदाजाच्या स्पष्टपणे पुढे.

पण बरा म्हणजे किती बरा? इथे लोक गंडतात, वकीलही आणि पत्रकारही. फॉर्मची अचूकता ०.७ च्या आसपास असं लिहून येतं आणि वाचणारा समजतो की सत्तर टक्के वेळा फॉर्म बरोबर सांगतो. तसं नाहीये ते. त्याचा अर्थ असा, की ज्याने पुन्हा गुन्हा केला असा एक माणूस घ्या आणि ज्याने नाही केला असा एक घ्या, डोळे मिटून उचला, तर अशा शंभर जोड्यांपैकी साधारण सत्तर जोड्यांत गुन्हा करणाऱ्याचा स्कोअर जास्त असेल. नाणं उडवलं असतं तर पन्नास मिळाल्या असत्या. म्हणजे फॉर्म नाण्यापेक्षा नक्की बरा आहे, आणि देव नक्की नाही.

आता हेच हजार माणसांवर लावू, वर्गात मी फळ्यावर करते तो ढोबळ हिशोब. समजा हजार जण सुटले आणि पाच वर्षांत त्यातले शंभर पुन्हा असा गुन्हा करणार आहेत. याच अचूकतेचा फॉर्म आहे आणि आपण रेघ अशी मारली की त्या शंभरपैकी निदान अर्धे तरी सापडावेत. तर पन्नास सापडतील. त्यांच्यासोबत, जे काहीच करणार नव्हते अशा नऊशेपैकी दोनशेच्या वर लोक त्याच रेघेच्या वर येतील. म्हणजे 'धोकादायक' म्हणून बाजूला काढलेल्या अडीचशे जणांत खरे पन्नास, पाचात एक. आणि उरलेले पन्नास खरे, जे पुढे गुन्हा करणार आहेत, ते 'कमी धोका' म्हणून निघून गेलेले. रेघ खाली आणा, खरे जास्त सापडतील आणि सुक्याबरोबर ओलंही जास्त जळेल. वर न्या, उलट होईल. दोन्ही एकदम सुधारायचं असेल तर फॉर्मच जास्त चांगला लागतो, आणि पंचवीस वर्षांत तो फार सुधारलेला नाही.

मुलं हा फळा बघून गप्प होतात. मग कुणीतरी म्हणतं, मॅडम मग काय उपयोग? उपयोग आहे. रेघेच्या वरच्यांमध्ये धोका पाचात एक आणि खालच्यांमध्ये साधारण पंधरात एक. पोलीस ठाण्यात एका हवालदाराकडे सुटलेल्या चाळीस जणांची यादी दिली तर तो कुणाकडेच नीट लक्ष देऊ शकत नाही, पण त्यातल्या दहांकडे आधी जा, त्यांच्या घरी कोण लहान मुलं आहेत बघ, नोकरी कुठे लागलीये बघ, समुपदेशनाला जातात का बघ, असं सांगितलं तर त्याचा वेळ योग्य ठिकाणी लागतो. चूक झाली तर एका माणसाकडे चार चकरा जास्त झाल्या, एवढंच. त्याच आकड्यावर माणसाला जन्मभर डांबलं आणि चूक झाली, तर पाचातल्या चार जणांचं आयुष्य गेलं. ज्यांना वाटतं की बलात्काऱ्याचं आयुष्य गेलं तर काय बिघडलं, त्यांचा राग मला कळतो, मी बाई आहे, मला तो राग वेगळा शिकावा लागत नाही. पण हे लोक केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेले आहेत. शिक्षा कमी वाटत असेल तर कायद्यात ती वाढवा, उघडपणे. न केलेल्या गुन्ह्यासाठी, एका बेरजेच्या आधाराने, मागच्या दाराने नको.

अमेरिकेत नेमकं हे मागचं दार आहे. १९९० मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला आणि मग वीसेक राज्यांनी, की शिक्षा संपली तरी 'लैंगिकदृष्ट्या हिंसक' ठरलेल्या माणसाला उपचारासाठी म्हणून बेमुदत अडकवून ठेवता येतं. १९९७ मध्ये कॅन्ससच्या हेन्ड्रिक्स केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्यही केलं. मिनेसोटामध्ये १९९४ पासून असा कार्यक्रम आहे, आणि २०१५ मध्ये तिथल्या संघीय न्यायाधीशांसमोर जेव्हा हिशोब आला तेव्हा आत सातशेहून जास्त माणसं होती आणि इतक्या वर्षांत पूर्णपणे मोकळा झालेला एकही नव्हता. एकही! आणि आतल्या लोकांचा धोका आता किती उरलाय हे नियमितपणे पुन्हा तपासलंच जात नव्हतं. न्यायाधीशांनी ते घटनाबाह्य ठरवलं, २०१७ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला.

पुन्हा तपासणं का महत्त्वाचं, कारण या आकड्याला एक्सपायरी डेट असते आणि ती कुणी वाचत नाही. स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, नावातच आहे. माणूस तुरुंगात दारू सोडो, उपचार घेवो, शिकून पदवी मिळवो, त्याचा भूतकाळ बदलत नाही म्हणून स्कोअरही बदलत नाही. एकच गोष्ट सरकते, वय. ३५ च्या आत सुटला तर एक मार्क जास्त, चाळिशीनंतर एक वजा, साठी ओलांडली की थेट तीन वजा. म्हणजे साठाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसात दोन मार्कांचा फरक. वयाबरोबर हे गुन्हे कमी होतात हे खरंच आहे, पण ते असे पायरीवरून उडी मारून कमी होत नाहीत. आणि बाहेर राहून दाखवणं यालाही वजन असतं. २०१४ मध्ये हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,७४० गुन्हेगारांचा पाठपुरावा एकत्र करून छापला, त्यात सगळ्यात वरच्या गटातले पहिल्या पाच वर्षांत २२ टक्के पुन्हा सापडले, पण त्याच गटातले जे दहा वर्षं काही न करता बाहेर राहिले त्यांच्यात पुढचा धोका ४.२ टक्क्यांवर आला. हा त्याच फॉर्मच्या जन्मदात्याचा निष्कर्ष आहे! फॉर्म बनवणारा सांगतोय की जास्त धोका म्हणजे कायमचा जास्त धोका नाही, आणि तरी तो वापरणारे ऐकत नाहीत.

मुळात हे लोक पुन्हा गुन्हा करतातच अशी जी आपली पक्की समजूत आहे ती कुठून आली? अमेरिकेत तिचा माग काढलाय. २००२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती केनेडी यांनी निकालात लिहिलं की उपचार न घेतलेल्या लैंगिक गुन्हेगारांचं पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत असल्याचा अंदाज आहे, धोका भयंकर आणि मोठा आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या निकालात तेच शब्द, आणि मग खालची कोर्टं वर्षानुवर्षं ते उतरवून घेत राहिली. २०१५ मध्ये दोन अभ्यासकांनी उलट चालत जाऊन मूळ शोधलं, तर ते निघालं १९८६ च्या एका लोकप्रिय मासिकातलं एक वाक्य, अशा कैद्यांसाठी उपचार कार्यक्रम चालवणाऱ्याने लिहिलेलं, खाली कुठलाही डेटा नाही. उलट अमेरिकन सरकारच्याच आकडेवारीत २००५ मध्ये सुटलेल्यांपैकी नऊ वर्षांत बलात्कार किंवा लैंगिक हल्ल्यासाठी पुन्हा अटक झालेले ७.७ टक्के.

इथे मला स्वतःलाच अडवायला हवं, कारण ७.७ हा आकडा ऐकून निर्धास्त होणंही चूक आहे. हा पकडले गेलेल्यांचा आकडा आहे. लैंगिक गुन्ह्यांची तक्रारच किती कमी होते हे कुठल्याही बाईला विचारा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. लंडनच्या जॉन वॉरबॉईजचं बघा, काळ्या टॅक्सीचा ड्रायव्हर, बायकांना गुंगीचं औषध घातलेली दारू पाजायचा. २००९ मध्ये १२ बायकांशी संबंधित १९ गुन्ह्यांत दोषी ठरला, पण पोलिसांकडे आलेल्या तक्रारी त्याहून कितीतरी जास्त होत्या. जानेवारी २०१८ मध्ये पॅरोल बोर्ड त्याला सोडणार अशी बातमी आली, तेव्हा दोन पीडितांनी स्वतः कोर्टात जाऊन ते थांबवलं, मार्चमध्ये हायकोर्टाने निर्णय रद्द केला आणि म्हटलं की बोर्डाने त्याच्या गुन्ह्यांचा खरा आवाका किती होता याची आणखी चौकशी करायला हवी होती. २०१९ मध्ये त्याने आणखी चार बायकांबाबतचे गुन्हे कबूल केले. जे फाइलमध्ये नाही ते कुठल्याच बेरजेत येत नाही. त्या दोघी उठल्या नसत्या तर तो बाहेर आला असता.

म्हणजे आकडा दोन्हीकडून चुकतो, आणि म्हणूनच मला तो निकालाच्या कागदावर एकटा उभा राहिलेला नको आहे.

यावर तज्ज्ञांमध्ये एक जुनं भांडण आहे. २००७ मध्ये स्टीफन हार्ट, क्रिस्टीन मिची आणि डेव्हिड कुक यांनी मांडलं की गटाबद्दल हे फॉर्म काहीतरी सांगतात पण एका माणसाबद्दल बोलायला गेलं तर अंदाज इकडेतिकडे होण्याचा पट्टा इतका रुंद होतो की आकड्याला अर्थच उरत नाही. त्यावर दुसऱ्या बाजूने तुटून पडले की तुमचं गणितच चुकलंय, असं धरलं तर कुठल्याच डॉक्टरला कुठल्याच पेशंटला काही सांगता येणार नाही. गणिताच्या बाजूने मी हार्ट यांच्या टीकाकारांसोबत आहे, एका माणसाचा स्वतःचा असा वेगळा टक्का नसतोच, तो पुन्हा करेल किंवा नाही करेल. पण हार्ट मंडळींच्या मनातली काळजी खरी आहे. "याच्यासारखा स्कोअर असलेल्या शंभर जणांपैकी वीस पाच वर्षांत पुन्हा सापडले" हे एक वाक्य आणि "याच्याकडून गुन्हा होण्याची शक्यता वीस टक्के" हे दुसरं. कागदावर दोन्ही सारखीच वाटतात. पण पहिलं वाक्य ऐकणारा विचारतो, ते शंभर कोण होते, कुठले होते? दुसरं ऐकणारा समोरच्या माणसाकडे बघतो आणि त्याच्या कपाळावर वीस लिहिलेलं दिसतं त्याला. कोर्टात फक्त पहिलं वाक्य बोलायची परवानगी असावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि आकडा काढणाराही माणूसच असतो. २०१३ मध्ये अमेरिकेत डॅनियल मरी, मार्कस बोकासिनी वगैरेंनी एक प्रयोग केला, शंभरच्या वर फॉरेन्सिक तज्ज्ञांना त्याच त्या फाइली दिल्या, काहींना सांगितलं तुम्ही सरकारी बाजूचे, काहींना बचाव पक्षाचे. सरकारी बाजूच्यांचे मार्क जास्त आले, बचाववाल्यांचे कमी. ज्या फॉर्ममध्ये तज्ज्ञाच्या मताला वाव जास्त तिथे फरक मोठा, स्टॅटिक-९९आर सारख्या कोरड्या फॉर्ममध्ये लहान. लहान, पण होता. माझ्या वर्गात तर कुणी पैसे दिले नव्हते, फक्त एक मामेबहीण होती.

परत तिच्याकडेच येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथे आहे. कॅनडात जेफ्री युअर्ट नावाचा कैदी, मेटी समाजाचा म्हणजे तिथल्या मूलनिवासींपैकी, तीस वर्षांहून जास्त काळ आत. तो सुप्रीम कोर्टापर्यंत हेच भांडत गेला की माझ्यावर जे फॉर्म लावले, ज्यात स्टॅटिक-९९ पण होता, ते माझ्या समाजाच्या माणसांवर बरोबर चालतात का हे तुम्ही कधी तपासलंय? २०१८ मध्ये कोर्टाने सांगितलं की तुरुंग खात्याला ही शंका कित्येक वर्षांपासून माहीत होती आणि त्यांनी तपासलं नाही, हे कायद्याने त्यांच्यावर असलेलं कर्तव्य मोडणं आहे. ज्या देशात तो फॉर्म जन्मला त्याच देशातल्या माणसांबद्दल ही स्थिती. मग येरवड्यात किंवा नाशिक रोडला तो फॉर्म आणला तर?

'जोडीदारासोबत सलग दोन वर्षं राहिलाय का' हा प्रश्न घ्या. तिकडे त्याचा अर्थ असा की हा माणूस कुणाशी तरी जवळीक टिकवू शकतो. आपल्याकडे चोविसाव्या वर्षी घरच्यांनी लग्न लावलं, बायको सासू-सासऱ्यांसोबत राहते, तो ट्रकवर महिनाभर बाहेर, आणि फॉर्मवर शून्य मार्क, म्हणजे धोका कमी. 'पीडितांमध्ये कुणी अनोळखी आहे का' हा प्रश्न घ्या, तर आपल्याकडे नव्वद टक्क्यांहून जास्त बलात्कारांत आरोपी ओळखीचाच असतो असं एनसीआरबी, म्हणजे केंद्राचा गुन्हे नोंद विभाग, दरवर्षी सांगतो, शेजारचा काका, आत्याचा दीर, शिकवणीचा सर, म्हणजे तिथेही बहुतेकांना शून्यच. 'आधीचे गुन्हे' मोजायचे तर मोजणार कुठून, तक्रार गावातच मिटवली, साक्षीदार फितूर झाले, बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण तिसाच्या आतबाहेर. ज्याच्या घरी पैसा आणि ओळखी आहेत त्याची फाइल कोरी आणि ज्याच्याकडे वकील नाही त्याची भरलेली. मग फॉर्म कुणाला धोकादायक म्हणेल हे सांगायला गणित लागत नाही.

आणि हे काही लांबचं बोलत नाहीये मी. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू केला, सुरुवातीलाच चार लाख चाळीस हजारांहून जास्त नोंदी, फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येणारा. त्याच सुमारास बातम्यांत होतं की नोंद किती वर्षं ठेवायची हे 'कमी धोका', 'मध्यम धोका' अशा गटांवरून ठरणार, पंधरा वर्षं, पंचवीस वर्षं, जन्मभर. धोका हा शब्द आला म्हणजे तो कशाने मोजणार हा प्रश्न आलाच. तिकडे फाशीच्या बाबतीत १९८० च्या बचन सिंग निकालापासून आपलं सुप्रीम कोर्ट म्हणतंय की आरोपी सुधारण्यापलीकडचा आहे हे सरकारने पुराव्याने दाखवावं, आणि २०२२ च्या मनोज निकालात तर मानसशास्त्रीय मूल्यमापनाचा अहवाल मागवा असंही स्पष्ट सांगितलंय. हा चांगला निकाल आहे. पण तो अहवाल लिहायला बसणारा माझाच एखादा विद्यार्थी असणार, आणि त्याच्या हातात दुसऱ्या देशातल्या माणसांवर बेतलेला फॉर्म सोडून काही नसेल तर तो तेच वापरेल. खालची कोर्टं आकडा बघून सुटकेचा श्वास सोडतील, कारण आकड्याने निर्णयाचं ओझं हलकं होतं.

त्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला सांगितलं की दोन्ही स्कोअर लिही, पाच आणि सहा, आणि खाली लिही की हा फरक कशामुळे पडतोय. ती म्हणाली, "पण मॅडम, फॉर्मवर एकच चौकोन आहे." मी म्हटलं, समासात लिही.

मला वाटतं आपल्याकडे कामाची सुरुवात फॉर्मपासून नाहीच करायची. इंग्लंडच्या ज्या नोंदींवर हा फॉर्म उभा राहिला त्यातली माणसं १९७९ मध्ये तुरुंगातून सुटली होती आणि त्यांचं पुढे काय झालं हे सोळा वर्षं पाहिलं गेलं होतं. फॉर्म नंतर आला, आधी ती वही होती. आपल्याकडे कारागृह विभागाकडे सुटकेची तारीख असते आणि पोलिसांकडे नव्या गुन्ह्याची नोंद असते, पण या दोन वह्या एकमेकींना भेटत नाहीत. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून या वर्षी महाराष्ट्रातल्या तुरुंगांमधून जे सुटतील त्यांची यादी करा, नावं झाकून, वय, गुन्हा, पीडितेशी नातं, आत्तापर्यंतच्या तक्रारी, त्यात मिटवलेल्याही, आणि पाच वर्षांनी, दहा वर्षांनी परत बघा. नात्याच्या रकान्यात 'मामेबहीण' असं मराठीत लिहा, नात्यातली की बाहेरची हे नंतर ठरवू.